काळी शाई आणि सोडलेला कागद

काळ्या शाईच्या चित्रात पांढरा रंग कुणी लावत नाही. तो कागदाचाच असतो. शाई कुठे घालायची आणि कागद कुठे सोडायचा एवढेच चित्रकार ठरवतो. पुस्तकांतून याला आकार आणि अवकाश म्हणतात. आम्ही वर्गात साधे भरीव आणि पोकळ म्हणत असू. फांदी काढू नका, दोन फांद्यांमधले आभाळ काढा, फांदी आपोआप उभी राहील, असे मी शाळेत चित्रकला शिकवताना वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रात बरे गुण मिळवायला एवढे ज्ञान पुरते.

पण मुलांना 'माझा गाव' काढायला सांगितले की ती देऊळ काढत, पार काढत, चावडी आणि विहीर काढत. गावकुसाबाहेरची वस्ती कागदाच्या कडेला येई, आणि बहुधा तिथे कागदच राही. वस्तीतली मुलेसुद्धा तसेच काढत. हे पाहिल्यावर भरीव-पोकळ हा केवळ तोल साधण्याचा मामला आहे, ही सौंदर्यवाद्यांची शिकवण मला पुरेना. चित्रात एक गोष्ट विषय होते आणि दुसरी पार्श्वभूमी होते. ती आपली आपण होत नाही. तिला कुणीतरी पार्श्वभूमी करतो.

या दृष्टीने मी अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या छापील चित्रांचा इतिहास पाहत गेलो. जात आणि वर्ण एक नव्हेत, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नाही. पण तिथे शाईचा काळा आणि माणसाचा काळा एकाच कागदावर येतात, आणि कोरे कोणी राहायचे हा प्रश्न झाकता येत नाही. (आपल्याकडच्या जुन्या लेखनात 'निग्रो' हा शब्द सर्रास येतो. आज तो त्या लोकांनी टाकला आहे, म्हणून मी काळे लोक असेच लिहितो.)

सुरुवात इंग्लंडमधल्या एका पत्रकापासून करावी लागते. लिव्हरपूलचे 'ब्रूक्स' नावाचे जहाज आफ्रिकेतून गुलाम नेत असे. 1788-89 च्या हिवाळ्यात प्लिमथ येथील गुलामव्यापारविरोधी समितीने त्या जहाजाचा आराखडा छापला. 1789 मध्ये लंडनच्या समितीने तो वाढवून काढला. वरून पाहिलेले जहाजाचे तळ, आणि त्यात काळ्या शाईची एकसारखी माणसे ओळीने आडवी मांडलेली. पुरुषाला 6 फूट लांब आणि 16 इंच रुंद जागा. बाईला, मुलाला, मुलीला त्याहून कमी. 1788 च्या कायद्याने या जहाजाला 454 माणसे न्यायची मुभा दिली होती. त्याआधी एका खेपेला त्याने 609 नेली होती.

या चित्रात काळे काय सांगते? फारसे काही नाही. एकाही माणसाला चेहरा नाही. सगळे बोलतो तो मधला पांढरा. दोन देहांमधली पांढरी रेघ केसाएवढी आहे, आणि तेवढाच त्या माणसाचा मोकळा अवकाश आहे. पानभर मजकूर वाचून ज्यांना काही वाटले नाही, त्यांना ही रेघ पाहून गुदमरले. चळवळीने पोकळ जागेचा इतका नेमका उपयोग केल्याचे दुसरे जुने उदाहरण मला माहीत नाही. तरी त्यातली माणसे मोजण्यापुरतीच आहेत, हे विसरून चालत नाही. मित्रांनी काढलेले चित्रदेखील माणसाला नग करू शकते.

त्याच मंडळींच्या चळवळीची मुद्राही प्रसिद्ध आहे. जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या कारखानदाराने 1787 मध्ये तिचे पदक घडवले: पांढऱ्या भूमीवर काळी उठावदार आकृती, हातापायांत साखळदंड, एक गुडघा टेकलेला, हात जोडलेले, आणि भोवती मी माणूस आणि बंधू नाही काय असा प्रश्न. बड्या घरच्या स्त्रिया ते पदक बांगडीत आणि केसांच्या पिनेत बसवून मिरवत. इथे काळा माणूस भरीव आहे, मध्यभागी आहे, पांढरे फक्त मागे आहे. म्हणजे जागा मिळाली. पण गुडघे टेकून मिळाली. करुणेच्या साहित्याची आपल्याकडे जी चर्चा झाली ती ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या पदकाबद्दल अधिक सांगायला नको.

आता छापखान्यात येऊ. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती येत. नाव, वय, अंगावरचे व्रण, बक्षिसाची रक्कम, आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक ठसा: पाठीवर गाठोडे टाकून चालू लागलेला काळा माणूस. बाईसाठी वेगळा ठसा. हे ठसे प्रत्येक माणसासाठी कोरलेले नव्हते. खिळ्यांचे कारखाने जसे फुले, वेली, घोडे, गलबते ओतून विकत तसेच हेही विकत. कंपोझिटर खणातून उचलून चौकटीत बसवी. जाहिरातीत लिहिलेले असे की हा माणूस उंच आहे, त्याच्या गालावर डाग आहे. शेजारचा ठसा मात्र कालच्याच माणसाचा, परवाच्याही माणसाचा. 1837 मध्ये गुलामगिरीविरोधी मंडळींनी आपल्या मासिकात हाच ठसा मुद्दाम छापला आणि वाचकांना दाखवून दिले की तो न्यूयॉर्कसारख्या उत्तरेतल्या शहरात दक्षिणेच्या बाजारासाठी तयार होतो. उत्तरेचे हातही कोरडे नव्हते.

एका शब्दाकडे इथे लक्ष वेधतो. एखाद्या समाजाबद्दलच्या साचेबंद कल्पनेला इंग्रजीत 'स्टीरिओटाइप' म्हणतात. हा शब्द मुळात छापखान्याचा आहे. जुळवलेल्या मजकुराचा साचा घेऊन ओतलेली अख्खी शिशाची पाटी, म्हणजे स्टीरिओटाइप. एकदा ओतली की पुन्हा जुळवायला नको, हजारो प्रती काढा. समाजशास्त्रज्ञांनी तो शब्द उसना घेतला, पण पळालेल्या गुलामाचा ठसा हातात घेतला तर शब्दाचा मूळ अर्थ आणि उसना अर्थ एकाच शिशात दिसतात.

या सगळ्यात काळा माणूस चित्रातला आहे. चित्र करणारा तो कधी होता? इथे फिलाडेल्फियाच्या मोझेस विल्यम्सची हकीकत सांगणे भाग आहे, आणि ती मी थोडी सावकाश सांगणार आहे.

चार्ल्स विल्सन पील हा अमेरिकेचा नामांकित चित्रकार. त्याने वॉशिंग्टनची चित्रे काढली आणि फिलाडेल्फियात एक संग्रहालय उभारले. त्याने आपल्या मुलांची नावे राफाएल, रेम्ब्रांट, रूबेन्स, टिशियन अशी युरोपातल्या थोर चित्रकारांवरून ठेवली आणि त्यांना चित्रकलेत वाढवले. त्याच घरात एक गुलाम दांपत्य होते. त्यांना 1786 मध्ये पीलने मुक्त केले, पण त्यांचा मुलगा मोझेस घरातच राहिला. मोझेस पीलच्या मुलांबरोबर वाढला, त्यांच्यासारखाच त्या घरातल्या उद्योगांत राबला. मुलांच्या हाती रंग आले, कुंचला आला, तैलचित्र आले. मोझेसच्या हाती कात्री आली.

1802 च्या सुमारास संग्रहालयात 'फिजिओनोट्रेस' नावाचे यंत्र बसले. माणसाने बाजूने बसायचे, यंत्राचा दांडा कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरायचा, आणि दुसऱ्या टोकाला घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर तीच रेषा लहान होऊन उमटायची. मग ती रेषा कात्रीने कापायची. घडी अशी की एकदम चार प्रती निघत. याच सुमारास, 1802 मध्ये, मोझेस स्वतंत्र झाला आणि हे कापण्याचे काम त्याच्याकडे आले. पहिल्या वर्षातच आठ हजारांवर छायाकृती निघाल्या. एका कापणीला काही सेंट मिळत. त्या मिळकतीतून त्याने स्वतःचे घर घेतले, आणि पीलच्याच घरी स्वयंपाक करणाऱ्या एका गोऱ्या स्त्रीशी लग्न केले.

ही छायाकृती कशी होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण आपला विषय तिथेच आहे. आपण समजतो की काळा कागद कापून पांढऱ्यावर चिकटवला. पीलच्या संग्रहालयात उलटे होते. पांढऱ्या कागदातून चेहऱ्याचा आकार कापून काढून टाकत. उरे तो भोक पडलेला पांढरा कागद. त्याच्यामागे काळा कागद किंवा काळे कापड ठेवले की भोकातून काळा चेहरा दिसे. म्हणजे चेहरा ही वस्तूच नव्हे. चेहरा ही पोकळी आहे. आणि जो खरा भरीव तुकडा कात्रीतून खाली पडला, तो कचरा. त्या तुकड्यांना तिथे 'ठोकळडोकी' अशा अर्थाचे नाव पडले होते, आणि ती पिंपात साठत.

शहरातले प्रतिष्ठित गोरे लोक रांग लावून येत आणि नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसाकडून आपले चेहरे काळे करून घरी नेत! यात विनोद आहे, आणि तो मोझेसच्या लक्षात आला नसेल असे मला वाटत नाही. कागदावर मात्र त्याचे नाव नसे. काम पुरे झाल्यावर कागदाच्या खालच्या बाजूला संग्रहालयाचा शिक्का दाबत. त्या शिक्क्याला शाईही नव्हती, नुसता दाब. प्रकाशात तिरके धरले तर अक्षरे दिसतात. त्यामुळे आज जे हजारो चेहरे जुन्या कुटुंबांच्या संग्रहांत आहेत, त्यांतला कुठला मोझेसने कापला हे कागद सांगत नाही.

त्याची स्वतःची एक छायाकृती फिलाडेल्फियाच्या एका जुन्या ग्रंथालयात आहे. खाली त्याचे नाव आणि चेहरे कापणारा असा उल्लेख आहे. परंपरेने ती पीलच्या मुलाने, राफाएलने, केली असे मानत. ग्वेन्डोलिन ड्युबॉइस शॉ या संशोधिकेने अलीकडे असे मांडले की ती मोझेसने स्वतःच कापलेली असू शकते. वर्षाला हजारो चेहरे कापणाऱ्या माणसाला स्वतःचा एक चेहरा कापता येणार नाही, असे गृहीत धरायला इतिहासकारांना दोनशे वर्षे काही अडचण वाटली नाही. मला शॉ यांचे म्हणणे पटते.

पुढच्या काळात छापील काळा चेहरा फार खाली गेला. 1830 च्या सुमारास टी. डी. राइस या गोऱ्या नटाने जळलेले बूच तोंडाला फासून 'जिम क्रो' नाचवला, आणि त्या तमाशांच्या जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका, पुढे साबणांची आणि खाद्यपदार्थांची वेष्टने, सगळीकडे एकच चेहरा पसरला. पूर्ण काळा गोळा, त्यात कोरी सोडलेली दोन मोठी बुबुळे आणि कोरे सोडलेले जाड ओठ. तंत्र म्हणून पाहा: भरीव आणि पोकळ यांचा याहून सोपा, याहून परिणामकारक प्रयोग नसेल. शाईची काटकसर, ठशाची सोय, लांबून ओळख. तोल तर अचूक! सौंदर्यशास्त्राच्या फुटपट्टीने हे चित्र नापास करता येत नाही. ते नापास होते ते दुसऱ्या फुटपट्टीने.

म्हणून ॲरन डग्लस मला मोठा वाटतो. त्याने ते तंत्र नाकारले नाही. तेच हत्यार घेतले आणि त्याची धार फिरवली.

ॲरन डग्लस 1899 मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपीका येथे जन्मला. 1922 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची कलेची पदवी घेऊन तो कॅन्सस सिटीच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागला. (शाळामास्तर होता, याचा मला उगीच आनंद होतो.) मार्च 1925 मध्ये 'सर्व्हे ग्राफिक' या मासिकाचा हार्लेमविषयीचा खास अंक ॲलन लॉक यांच्या संपादनाखाली निघाला. त्याचे मुखपृष्ठ विनोल्ड राइस या जर्मन चित्रकाराचे होते. तो अंक पाहून, आणि मित्रांच्या आग्रहावरून, डग्लसने नोकरी सोडली आणि न्यूयॉर्कचा काळा भाग हार्लेम गाठले. राइसने त्याला शिकवले, आणि आफ्रिकेच्या कलेकडे पाहायला भाग पाडले. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी त्याला 'द क्रायसिस' या आपल्या मासिकाच्या टपाल विभागात काम दिले. लवकरच 'द क्रायसिस' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या दोन्ही नियतकालिकांत त्याची काळी-पांढरी चित्रे येऊ लागली. हेच ते ड्युबॉइस, ज्यांना 1946 च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

डग्लसची आकृती सपाट काळी असते. आत छटा नाही, बारीक रेघांची जाळी नाही, गालावर उजेड नाही. कडा सुरीने कापल्यासारखी. खांदे समोरून, डोके आणि पाय बाजूने, म्हणजे इजिप्तच्या भिंतीवरच्या माणसांसारखे. आणि डोळा? डोळ्याच्या जागी एक बारीक पांढरी फट. ही फट त्याने आयव्हरी कोस्टच्या दान लोकांच्या मुखवट्यांवरून घेतली, असे तो सांगत असे. आता ती बुचाने काळी केलेली तोंडे आठवा. तिथेही काळ्या चेहऱ्यात कागद सोडलेला आहे, इथेही सोडलेला आहे. तिथे गुंजभर अक्कल नसलेली वटारलेली बुबुळे, इथे मिटत आलेली, स्वतःशी काही ठरवणारी पापणी. तिथला डोळा बघणाऱ्याला हसवण्यासाठी उघडा आहे. इथला डोळा बघणाऱ्याकडे पाहतच नाही. फरक दाण्याएवढ्या कोऱ्या कागदाचा आहे.

1926 मध्ये त्याने युजीन ओनीलच्या 'एम्परर जोन्स' नाटकावर चार लाकूडठसे केले. नाटकातला जोन्स एका बेटाचा बादशहा बनलेला काळा माणूस. लोक उठतात तेव्हा तो रात्री जंगलात पळतो आणि भीतीने खचत जातो. नाटक गोऱ्याचे, आणि काळ्याचे आदिम भय हा त्याचा विषय. त्याविषयी माझे मत फार चांगले नाही. पण लाकूडठशाची रीत लक्षात घ्या. लाकडाची फळी न कोरता शाई लावून दाबली तर कागद पूर्ण काळा होतो. कोराल तेवढे पांढरे. म्हणजे इथे सुरुवात कोऱ्या कागदापासून होत नाही, अंधारापासून होते; काळे हे आधीच आहे, त्याला सिद्ध करावे लागत नाही, पांढऱ्यालाच खणून जागा करून घ्यावी लागते. पेनाने काढणाऱ्याचे आणि फळी कोरणाऱ्याचे जग इतके उलटे आहे. डग्लसच्या पुढच्या शाईचित्रांतही हा कोरणाऱ्याचा हात दिसतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हार्लेमच्या तरुण लेखकांनी 'फायर!!' नावाचे नियतकालिक काढले. वॉलेस थर्मन संपादक. लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, ब्रूस न्यूजंट, ग्वेन्डोलिन बेनेट आणि डग्लस बरोबर. मुखपृष्ठ डग्लसचे, लाल आणि काळा एवढ्या दोनच रंगांचे. त्यात बसलेला स्फिंक्स आहे आणि बाजूने दिसणारा एक मोठा चेहरा आहे. आधी एक दिसतो, मग दुसरा. किंमत एक डॉलर, जी त्यांच्या वाचकांना परवडणारी नव्हती. एकच अंक निघाला. न खपलेल्या पुष्कळशा प्रती एका तळघरात ठेवल्या होत्या, त्या आगीत जळाल्या. लघुनियतकालिके काढणाऱ्या मराठी मित्रांना ही कहाणी ओळखीची वाटेल. आपली बहुधा उधारीने मेली, त्यांचे नावाप्रमाणे झाले.

डग्लस पुढे भित्तिचित्रांकडे गेला. 1934 मध्ये हार्लेमच्या 135 व्या रस्त्यावरील ग्रंथालयासाठी त्याने काळ्यांच्या जीवनाचे चार मोठे फलक रंगवले. मग नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात 1966 पर्यंत शिकवत राहिला आणि 1979 मध्ये वारला. भित्तिचित्रे थोर आहेत, पण माझ्या मते त्याचा खरा शोध मासिकांच्या पानांतलाच आहे, जिथे हाताशी फक्त काळी शाई होती आणि स्वस्त कागद होता.

ते हत्यार चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका डग्लसच्या हाती आले. नात्याने दोघांचा संबंध नाही. एमरी डग्लसचा जन्म 1943 चा. पोरवयात तो सुधारगृहात गेला आणि तिथल्या छापखान्यात काम शिकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत व्यापारी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि 1967 मध्ये ब्लॅक पँथर पक्षात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'द ब्लॅक पँथर' हे पत्र सुरू झाले होते. त्याची मांडणी आणि चित्रे एमरी करू लागला. पक्षाने त्याला सांस्कृतिक मंत्री केले.

त्याची रेघ जाड, लाकूडठशासारखी. पण ठसे कोरायला वेळ कुणाला होता? तो पेन आणि मार्करने लाकूडठशाचा परिणाम काढी. मधल्या करड्या छटेसाठी ठिपक्यांचे आणि रेघांचे तयार कागद कापून चिकटवी. काळ्याबरोबर बहुतेक वेळा आणखी एकच रंग परवडे. स्वस्त छपाईत दुसरा रंग थोडा सरकतोच. रेघ जाड असली की ते सरकणे रेघेखाली झाकले जाते. जाड रेघ हा निव्वळ आवेश नव्हता, यंत्राचा हिशेब होता. ज्यांनी ट्रेडल मशीनवर ठोकळा छापून घेतला आहे त्यांना हे कळेल: मोठा काळा भाग असला की शाई एकसारखी बसत नाही, आणि बसली तर वरच्या कागदाच्या पाठीला लागते. काळे किती ठेवायचे हे शेवटी मशीनवालाही ठरवतो.

एमरीने पोलिसांना डुकरे म्हणून रंगवले, ते प्रसिद्ध झाले. मला त्याची दुसरी चित्रे मोलाची वाटतात. लेकराला कडेवर घेतलेली बाई, डोक्यात रूळ अडकवलेली म्हातारी, मोफत न्याहारी खाणारी पोरे. 1969 पासून पक्ष अशी न्याहारी देत होता. ही माणसे पान भरून उभी असतात. मागे काही नसते, किंवा त्यांच्या डोक्यामागून रेघा किरणांसारख्या सुटलेल्या असतात. पोकळ जागा मोठी सोडली की तिथे शांतता येते; एमरीने ती शांतता गरिबाला देण्यापेक्षा त्याला पानाच्या कडेपर्यंत जागा दिली. पत्राचे मागचे पान भित्तिपत्रकासारखे असे. लोक ते फाडून भिंतीला लावत. पत्र 1980 पर्यंत चालले.

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती त्या पँथरचे नाव घेऊन. त्यांच्या कवितेविषयी, कादंबरीविषयी, जाहीरनाम्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले; विद्यापीठांतून प्रबंध झाले. त्यांच्या चित्रांविषयी फारच थोडे. आपल्या स्वतःच्या छापील चित्रांविषयी तर त्याहून थोडे. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर सुईने काढलेला बुद्ध, पत्रकाच्या माथ्यावरचा चष्मा आणि कोट, जयंतीच्या हँडबिलावर लिनो कापून छापलेली मूठ: हे कुणी काढले, कुठल्या हाताने, कुठल्या प्रेसमध्ये? स्टेन्सिलवर छटा येत नाही. फक्त रेघ येते. म्हणून कार्यकर्त्याने बाबासाहेबांचा चेहरा किती कमी रेघांत ओळखू येईल हे शोधून काढले: चष्म्याची चौकट, कपाळाची मोठी कोरी जागा, आणि खाली कोटाची कॉलर. कपाळ कुणीच काढलेले नसते. ते कागदाचे असते.

माझ्या पेटीत अशी काही पत्रके आहेत. स्टेन्सिलची शाई तेलकट असते, तिने कागद पिवळा पडत चालला आहे आणि रेघेभोवती तपकिरी कड धरली आहे. त्यांवर काढणाऱ्याचे नाव नाही.